दादाच्या व्हरांड्यातली कासवं

तो गुरुवार होता. दादा सकाळच्या बसने नागपूरला गेला होता. कासवाच्या टाकीवर लावायचा एक विशिष्ट दिवा वर्ध्यात मिळत नाही, तो आणायला. जाताना स्वतःचा फोन माझ्याकडे ठेवून गेला. "लोकाईचे फोन येतीन. नाव लिहून ठेवजो. अन् कोणी ब्रेड देऊन राह्यलं असंन तर तिथल्या तिथं झापजो."

दुपारी बाराच्या सुमारास मी त्याच्या फोनवर सेलूच्या एका बाईंना सांगत होते, "कासवाला ब्रेड देऊ नका, दादा संध्याकाळी येतील." तेवढ्यात माझा फोन वाजला. नागपूरला सीताबर्डीच्या एका दुकानाच्या पायरीवर एक गृहस्थ बसल्या बसल्या गेले होते. खिशातल्या चिठ्ठीवर माझा नंबर होता.

मी सेलूच्या बाईंना म्हटलं, "एक मिनिट थांबा हं." त्या किती वेळ थांबल्या मला माहीत नाही.

याला आता चार महिने होतील. दादाविषयी चार ओळी लिहून द्या, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. त्या ओळी काही जमल्या नाहीत. आठवतात ते किस्से. किस्से कोणी जमवत नाही. दारात पाहुण्यांच्या चपला साचाव्यात तसे ते साचतात, आणि मग घरच्या माणसालाच पाय ठेवायला जागा उरत नाही. आमच्या व्हरांड्यात अकरा वर्षं हेच झालं.

तर थोडी ओळख करून देते. माझा दादा, मनोहर, वीज खात्यातून वायरमन म्हणून निवृत्त झालेला. लग्न केलं नाही. वर्ध्याला लागून सिंदी मेघेत आमचं घर, खाली तो, वर मी. मी सेलूच्या शाळेत मराठी शिकवते. अकरा वर्षांपूर्वी बदली झालेल्या एका साहेबांनी त्याला बिस्किटाएवढं एक पाण्यातलं कासव देऊन टाकलं, "मनोहर, तूच सांभाळ" म्हणून. दुकानात विकायला असतात तसलं, कानाजवळ लाल पट्टा असलेलं, परदेशी वाणाचं. दादाने त्याचं नाव चिंगी ठेवलं. आज चिंगी जेवणाच्या ताटलीएवढी आहे!

चिंगीसाठी त्याने वाचलं, विचारलं, चुकला, सुधारला. मग कोणाच्या तरी टाकीला दिवा बसवून दिला आणि गावभर झालं. रविवारी आमच्या व्हरांड्यात डबे, बादल्या, टोपल्या घेऊन माणसं बसायची. प्रत्येक टोपलीत एक आजारी कासव! दादा डॉक्टर नव्हता आणि तसं तो म्हणायचाही. पण बहुतेकांना औषध लागतच नसे. दादाचं म्हणणं ठरलेलं असायचं.

"पाणी खोल. पाणी साफ. अंग सुकवाले कोरडी जागा. वरून दिवा. चारच गोष्टी आहे! घरात चार पोट्टे सांभाळता, अन् एका कासवाच्या चार गोष्टी सांभाळता येत नाई?"

* * *

एक विमा एजंट आले. हातात प्लॅस्टिकची डबी, तिच्यात प्लॅस्टिकचंच नारळाचं झाड, आणि झाडाखाली कासव. डबी एवढी लहान की कासवाला वळायचं तर आधी झाड वाकवावं लागे. पाठीच्या कडा वर वळलेल्या.

"मोठी टाकी घ्या," दादा म्हणाला.

"कायले? दुकानदारानं सांगतलं, जेवढी डबी तेवढंच कासव राहते. वाढतच नाई."

दादाने शांतपणे विचारलं, "तुमची पोरगी कितवीत आहे?"

"तिसरीत."

"मंग पाळणा चांगला मोठा घेतला होता वाटते!"

एजंट हसले. दादा हसला नाही. संध्याकाळी तो स्वतः त्या दुकानात गेला. मी बरोबर होते. काचेच्या एका पेटीत नखाएवढी वीस-पंचवीस पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढत होती. दादा म्हणाला, "भाऊ, मोठं झालेलं एखादं दाखवजा."

दुकानदार अगदी मोकळा माणूस. म्हणाला, "मोठं कोणाच्या घरी होते, भाऊ? चार महिन्यात मरते. पोरगं रडते. मंग बाप दुसरं घेऊन जाते. तुम्ही डबीपण घ्याल ना?"

त्या दिवशी दादाने चहा घेतला नाही. रागावला की तो चहा घेत नसे. त्या वर्षी घरात चहापत्ती फार पुरली!

* * *

बाजारातले एक कापड दुकानदार, त्यांना सगळे सेठ म्हणतात. त्यांना कोणी वास्तूवाल्याने सांगितलं होतं, गल्ल्याजवळ परातीत पाणी घालून त्यात पितळी कासव ठेवा, तोंड उत्तरेकडे. सेठनी विचार केला, पितळी कासव एवढं काम करतं तर जिवंत किती करेल!

म्हणून पितळी परातीत दोन बोटं पाणी आणि त्यात जिवंत कासव. डोक्यावर एसी. अडचण एकच होती, कासवाचं तोंड उत्तरेकडे राहत नव्हतं. शेवटी काउंटरवरच्या माणसाला काम लावून दिलं. साड्या दाखवायच्या आणि मधून मधून कासव फिरवायचं.

सेठ तक्रार घेऊन व्हरांड्यात आले. "मनोहरभाऊ, हे ऐकतच नाई. दर पाच मिनिटांनी पश्चिमेले फिरते."

"उत्तरेले काय आहे?"

"कुबेर!"

"अन् पश्चिमेले?"

"दरवाजा. तिकडून ऊन येते."

"मंग कासवाले समजते ते तुम्हाले काऊन समजत नाई?"

दादा भडकला होता. पितळेच्या पाण्यात जीव ठेवता, वरून गार वारा सोडता, त्याला अंग शेकायला जागा नाही, आणि त्याने तुमचा धंदा वाढवायचा! पण सेठ माणूस वाईट नव्हते. त्यांनी तीन फुटांची टाकी घेतली. दादाने त्यात वीट आणि फरशी रचून कोरडा ओटा केला आणि दिवा बसवला. मुद्दाम उत्तरेच्या भिंतीवर! त्या दिवसापासून कासव दिवसभर उत्तरेकडे तोंड करून, मान ताणून, मागचे पाय पसरून ऊन खात बसलेलं असतं.

महिन्याभराने सेठ पेढे घेऊन आले. "भाऊ, गिऱ्हाईक वाढलं! उत्तर दिशा लागू पडली!"

दादा म्हणाला, "कासव पाहायले येतेत ते. कापड घ्याले नाई."

पेढे मात्र घेतले.

* * *

आमच्याच गल्लीतल्या मंदाकाकू. घर माळकरी. घरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नाही. नातवाने हट्टाने कासव आणलं, नातू पुण्याला शिकायला गेला, कासव काकूंच्या गळ्यात पडलं. त्यांनी ते फार प्रेमाने वाढवलं. वरणभात, पोळी, शिरा. पाठ दाबली तर ओल्या पापडासारखी दबायची.

दादाने कपाळाला हात लावला. "काकू, हे लहान आहे. याले मासोळी लागते, किडा लागते. हाडं कायची बनतीन?"

"आमच्या घरात नाई चालत बापा!"

"बरं, एकादशीले काय देता?"

"एकादशीले कायले देऊ? उपवास असते ना घरात!"

"त्याचा पण?"

"मंग! तो काय घराच्या बाहेर आहे?"

दादाला हसता येईना. काकूंवर ओरडताही येईना, कारण बाई खरोखर त्याला घरचा समजत होती. मग त्याने तोडगा काढला. चुन्यासाठी समुद्रफेसाचा पांढरा तुकडा टाकीत ठेवायचा, दिवा लावायचा, आणि दर बुधवारी कासव आमच्याकडे पाठवायचं. बुधवारी दादा बाजारातून बारीक मासोळी आणायचा. काकूंच्या कासवाने ती आमच्या बादलीत खायची आणि तोंड धुऊन घरी जायचं. काकूंच्या घरात काही आलं नाही, सगळं जमलं!

कासव आणून सोडायचं काम काकांकडे आलं. काका आधी पाच मिनिटांत परत जायचे. मग पंधरा. मग तासभर बसू लागले. कासव बादलीत जेवायचं आणि काका स्वयंपाकघरात दादाच्या हातचं दोन अंड्यांचं ऑम्लेट! मला वरून वास यायचा. मी कधी विचारलं नाही.

दोन महिन्यांत कासवाची पाठ टणक झाली. काकू आभार मानायला आल्या. म्हणाल्या, "मनोहर, कासवाचं वजन वाढलं बापा. अन् आमच्या ह्यांचंही वाढून राह्यलं. तुमच्याकडचं पाणीच चांगलं आहे वाटते!"

दादा म्हणाला, "हाव काकू. बोरिंगचं आहे."

* * *

मे महिना. आपल्याकडचा मे कसा असतो ते मी काय सांगू! मोबाइल दुकानवाल्या राजूभाऊंचा फोन आला. पण कासवासाठी नाही, कूलरसाठी. "मनोहरभाऊ, कूलरला हात लावला की झटका लागून राह्यला. पाहून जा ना."

दादा गेला, मीही सोबत होते. घरात शिरताच त्याने नाकाला रुमाल लावला. राजूभाऊंची बायको, वैशाली, रडकुंडीला आलेली. "तीन हफ्ते झाले, भाऊ, कुठंतरी उंदीर मेला आहे. सगळं घर धुतलं. दिवाण सरकवला. उदबत्त्या लावल्या. रात्री कूलर लावला की वास जास्तच येते!"

दादाने प्लग काढला, कूलरची मागची जाळी उघडली आणि खाली टाकीत पाहिलं. पंपाच्या शेजारी, हिरव्या घट्ट पाण्यात, दोन डोळे.

"हे काय आहे?"

राजूभाऊ म्हणाले, "कासव. कूलरच्या पाण्यात मच्छर होतेत ना, ते खाते. अन् त्याले पण थंड, आपल्याले पण थंड. दुहेरी फायदा!"

वैशालीला हे माहीतच नव्हतं. ती म्हणाली, "म्हंजे तीन हफ्ते..."

पुढे दादा जे बोलला ते मी सभ्य शब्दांत लिहिते. तीन आठवडे ते अख्खं कुटुंब कासवाच्या मोरीतून गाळून आलेली हवा अंगावर घेत झोपलं होतं! आणि पंपाच्या वायरीचं रबर कासवाने कुरतडलेलं. अजून दोन दिवस गेले असते तर कासव राहिलं नसतं, आणि कदाचित पाणी भरणारं माणूसही. दादाचा आवाज मी आयुष्यात दोनदाच चढलेला ऐकला, त्यातली ही एक वेळ. "तीस वर्षं खांबावर चढलो मी! करंट काय असते ते मले माहीत आहे! तुमच्या घरात लहान पोरगी फिरते!"

वैशालीने ओढणी काढली, कासव त्यात गुंडाळलं, दादाच्या हातात दिलं आणि नवऱ्याकडे वळली.

"जागा रिकामी झाली. आता तुम्ही झोपा कूलरमधी!"

* * *

दुसरी वेळ पवनारच्या पुलाजवळची.

एक निवृत्त हेडक्लार्क. त्यांच्याकडचं कासव नऊ वर्षांचं, धष्टपुष्ट. टाकी धुवायचा कंटाळा आला. पण कंटाळा आला असं कोण म्हणेल? "आम्ही त्याला मुक्त करणार आहोत," असा फोटोसकट निरोप फिरवला. तो दादापर्यंत पोचला आणि दादा स्कूटर काढून पवनारला. मी मागे बसलेली, शाळेच्या पेपरांचा गठ्ठा मांडीवर.

धाम नदीच्या काठावर सगळं कुटुंब जमलेलं. कासवाच्या पाठीवर हळदकुंकू, अक्षता. सून व्हिडिओ काढत होती.

"साहेब, सोडू नका," दादा लांबूनच ओरडला.

"या या, मनोहरराव! पुण्याचं काम आहे."

"कायचं पुण्य? हे इथलं कासव नाई. बाहेरचं वाण आहे. नदीत आपली कासवं आहेत, ते ज्या दगडावर ऊन खातेत तिथं हे जाऊन बसंन. त्याईचं खाणं खाईन. तुमच्या टाकीतला रोग त्याईले देईन. नाईतर उपाशी मरंन."

हेडक्लार्क हसले. "अहो, नदी सगळ्यांची असते."

"मंग तुमचं घर पण सगळ्याईचं आहे काय? उद्या सकाळी चार माणसं पाठवतो राहायले. बिस्तरा घेऊन येतीन!"

या वादात कासव हेडक्लार्कच्या हातून निसटलं आणि पाण्यात गेलं. दादा पँटशर्टसकट कमरेएवढ्या पाण्यात! इस्त्रीचा शर्ट, खिशात चष्मा. "हलू नका कोणी!" म्हणून ओरडला. आम्ही सगळे काठावर पुतळ्यासारखे उभे.

दहाएक मिनिटांनी कासव स्वतःच वर आलं. दादापासून चार हात लांब. दादाकडे त्याने पाहिलंही नाही. सरळ पोहत हेडक्लार्कच्या पायाशी आलं, मान वर केली आणि तोंड उघडून वाट पाहू लागलं. नऊ वर्षं याच वेळी हाच माणूस दाणे टाकायचा.

हेडक्लार्कच्या बायकोने पदर खोचला, कासव उचललं, पाठीवरचं कुंकू पदराने पुसलं आणि म्हणाली, "चला घरी. जेवायची वेळ झाली याची."

व्हिडिओ कोणी पाठवला नाही.

* * *

आता चिंगीचं सांगते. तो किस्सा सांगताना मला हसू येत नाही, पण यादीतून गाळणं बरं नाही.

दादा गेला तेव्हा डिसेंबर होता. घर माणसांनी भरलं. चिंगीची टाकी दादाच्या खोलीत, आणि सतरंजी त्याच खोलीत अंथरलेली. पहिल्याच दिवशी कोणीतरी म्हणालं, "मौतीच्या घरात हा घूंऽऽ आवाज बरा नाई लागत." म्हणून फिल्टर बंद केला. त्याच बोर्डावर पाणी कोमट ठेवायचा हीटर होता, तोही गेला. दिव्याचा प्लग काढून त्याजागी कोणी मोबाइल लावला. येणारा प्रत्येक जण टाकीपाशी उभा राहून "बिचारं" म्हणायचा आणि हातातलं काही ना काही आत टाकायचा. भात, चिवडा. तेरवीला तर बुंदी!

आमचे एक दूरचे भाऊजी आहेत. ते टाकीकडे बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी मनोहरला सांगतलं होतं. दक्षिणेच्या भिंतीले पाण्यातला जीव ठेवू नाई. पाहा, झालं ना!"

मी चहाचे कप उचलत होते. ते घेऊन मी आत गेले. अजून त्यांचा राग येतो मला. अकरा वर्षं त्या माणसाने गावातल्या कासवांना चुन्याचे, उन्हाचे, स्वच्छ पाण्याचे हिशेब शिकवले, आणि त्याचं मरण तुम्ही भिंतीवर टाकून मोकळे झालात!

पण खरा राग येतो तो एका बाईचा. सोळाव्या दिवशी पाहुणे गेले आणि तिने टाकीत पाहिलं. पाणी ताकासारखं. चिंगी एका बाजूला कलून तरंगत होती. डोळे सुजून बंद. चार गोष्टींपैकी एकही जागेवर नव्हती, आणि ही बाई अकरा वर्षं त्या चार गोष्टी रोज ऐकत होती. ती याच घरात, वरच्या मजल्यावर राहते.

वर्ध्यातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "मॅडम, मी म्हशी पाहतो. हिला नागपूरला न्या." नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी इंजेक्शनं दिली, डोळ्यांचं औषध दिलं. म्हणाल्या, "ऊब द्या, पाणी स्वच्छ ठेवा. खाल्लं तर जगेल."

मंदाकाकू आल्या आणि मला पाच मिनिटं फाडून खाल्लं. "शोभा, दिवा किती दिवस बंद होता? शिकलेली ना तू?" सेठनी स्वतःच्या दुकानातला हीटर काढून आणून दिला. वैशालीने रोज येऊन पाणी बदललं. राजूभाऊ दारातच उभे राहिले, त्यांना आत घेतलं नाही!

पाणी स्वच्छ झालं. ऊब आली. डोळ्यांची सूज थोडी उतरली. चिंगी खाईना. एक आठवडा, दोन, तीन. मी तिच्यासमोर मासोळी धरून तासन्‌तास उभी राहायचे. ती मान आत घ्यायची. ही गेली तर दादाच्या खोलीत मला काय काम उरेल, हे मला कळत नव्हतं.

* * *

दादाचा फोन त्या गडबडीत ड्रॉवरमध्ये बंद पडून राहिला होता. जानेवारीत एका रविवारी मी तो चार्जिंगला लावला. पाच मिनिटांत वाजला.

"मनोहरभाऊ! कुठं आहा बापा? पाच रविवार झाले, फोन बंद!"

हे पुंडलिककाका. आर्वीकडच्या एका गावातले, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. दादाने त्यांना कधी पाहिलं नव्हतं, त्यांनी दादाला नाही. चार वर्षांपूर्वी कोणाकडून तरी नंबर मिळाला आणि त्यांचं मरायला टेकलेलं कासव दादाने फोनवरून वाचवलं होतं. ते दर रविवारी फोन करून त्याचं वजन सांगतात, एवढं मला ठाऊक होतं.

"मी त्यांची बहीण बोलते," मी म्हटलं. "दादा घरी नाहीत."

पुढचं वाक्य मला बोलायचं होतं. त्याऐवजी तोंडातून निघालं, "काका, एका माणसाचं कासव आलंय आमच्याकडे. तीन आठवडे खात नाही. दादा असते तर काय सांगितलं असतं?"

काकांना केवढा आनंद झाला! "मले विचारता? थांबा, थांबा. माझं असंच झालं होतं. मनोहरभाऊनं जे सांगतलं ते जसंच्या तसं सांगतो. लिहून घेजा."

मी लिहून घेतलं. उथळ टबात कोमट पाणी, दिवसातून दोनदा, अर्धा अर्धा तास बसवायचं. मग दिव्याखाली कोरडं. मासोळी बंद. मेलेलं हलत नाही, आजाऱ्याला हलणारं लागतं. नळाखालची माती उकरून गांडूळ आणायचं.

"अन् सगळ्यात मोठी गोष्ट, बाई. समोर उभं राहायचं नाई! तुम्ही पाहून राह्यले की ते जेवत नाई. ठेवायचं अन् खोलीच्या बाहेर निघून जायचं. मनोहरभाऊ म्हणे, त्याच्या जेवणात आपलं काम नाई."

बावन्न वर्षांच्या वयात मी, आठवी-नववीला व्याकरण शिकवणारी बाई, मोरीमागची माती उकरायला बसले. मंदाकाकू पलीकडच्या अंगणातून बघत होत्या. त्यांनी तोंड फिरवलं आणि कुदळ पाठवून दिली.

नवव्या दिवशी मी दाराबाहेर उभी असताना आतून छपकन आवाज आला. मी लगेच गेले नाही. पंधरा मिनिटं थांबले. मग जाऊन पाहिलं. गांडूळ नव्हतं. चिंगी ओट्यावर चढून, मान ताणून, माझ्याकडे बघत होती. डोळे उघडे.

रविवारी मी काकांना सांगितलं. ते फोनवरच ओरडले, "खाल्लं? शाब्बास! आता त्या माणसाले बोलवा, ज्याचं कासव आहे त्याले! इतकं होईस्तोवर पाह्यलं काऊन नाई म्हणा! चांगला झापजा त्याले!"

"झापते," मी म्हटलं.

तेव्हापासून दर रविवारी ते फोन करतात. मी दादाच्या वहीत त्यांच्या कासवाचं वजन लिहिते. दर वेळी ते विचारतात, भाऊ आहेत का, आणि दर वेळी मी सांगते, घरी नाहीत.

गेल्या रविवारी मात्र काका संतापलेले होते.

"बाई, तुमच्यावर राग नाई माझा. पण तुमच्या भावाले एक सांगजा. त्याहिनं मले पहिल्याच दिवशी सांगतलं होतं, पुंडलिकभाऊ, दर रविवारी फोन करजा. ज्या रविवारी फोन नाई आला, त्या रविवारी मी समजीन, कासव मेलं. म्हणून चार वर्षात मी एक रविवार चुकवला नाई. पोरीच्या लग्नात मांडवातून केला. दवाखान्यात होतो तर खाटेवरून केला. अन् हा माणूस? सोळा रविवार झाले! दोन मिनिटं फोनवर येत नाई! आता मी काय समजू, तुम्हीच सांगा!"

मी विचारलं, "काका, वजन किती भरलं?"

त्यांनी सांगितलं. मी लिहून घेतलं.

दादाचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.